वाचक विचारतात : उपग्रहाला कणकुंबीचा पाऊस का दिसत नाही?

प्रश्न : सर, इन्सॅटचं चित्र मी रोज मोबाईलवर बघतो. जुलैत आमच्या जांबोटी-कणकुंबी भागात छत्री उलटी करणारा पाऊस, मलप्रभा दुथडी भरलेली, आणि चित्रात आमच्यावर नुसता फिकट राखाडी पट्टा. मे महिन्यात मात्र सौंदत्तीकडे पांढराशुभ्र गोळा उठला, पसरत आमच्यापर्यंत आला, पण अंगणात चार थेंबही पडले नाहीत. उपग्रहांचे कॅमेरे सुधारले म्हणतात, ते नेमकं काय सुधारलं?
— एक शेतकरी वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : तुम्ही बघता ते चित्र बहुधा अवरक्त किरणांचं असणार. त्यात पांढरं म्हणजे थंड आणि काळपट म्हणजे ऊबदार, एवढाच हिशेब. उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून ढगाच्या माथ्याचं तापमान घेतो. त्या ढगाच्या बुडातून काय पडतंय ते त्याला दिसत नाही.

आता तुमच्या भागातला पावसाळी ढग बघा. समुद्रावरून आलेलं ओलं वारं चोर्ल्याचा घाट चढतं आणि चढता चढताच पाणी सोडतं. या ढगांचे माथे बऱ्याचदा पाच-सहा किलोमीटरच्या आतच राहतात, म्हणजे तापमान जेमतेम शून्याच्या आसपास. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, बर्फाची फारशी गरज पडत नाही. अशा ढगातून दिवसभर धो धो कोसळलं तरी चित्रात तो राखाडीच दिसणार. वळवाचा ढग याच्या उलट. तो बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो, माथा उणे साठ अंशांपर्यंत गारठतो आणि वरच्या वाऱ्यात सपाट पसरतो. सौंदत्तीकडून तुमच्यावर आला तो हा पसरलेला माथा. पाऊस मागे मूळ खोडाखालीच पडून गेला.

मी वेधशाळेत नोकरीला लागलो त्या काळी उपग्रहाचं चित्र एरवी तीन तासांनी मिळायचं. १९८३ च्या इन्सॅट-१बीचा अवरक्त ठिपका, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, होता ११ किलोमीटरचा. बेळगाव शहरापासून सांबऱ्याच्या विमानतळापर्यंतचं सगळं आकाश एका ठिपक्यात! कल्पना-१ वर (२००२) तो ८ किलोमीटरवर आला आणि २०१३ च्या इन्सॅट-३डीवर ४ वर, म्हणजे किल्ल्यापासून साधारण टिळकवाडीपर्यंत. क्षेत्रफळात मोजा : १२१ चौरस किलोमीटरचे १६ झाले. दृश्य प्रकाशाचा ठिपका तर १ किलोमीटरचा आहे. अवरक्तात एवढं बारीक जाणं अवघड, कारण लांब लहरींना मोठा आरसा लागतो. शिवाय कॅमेऱ्याची स्वतःचीच ऊब चित्रात मिसळू नये म्हणून संवेदक शून्याखाली दीडशे अंशांहूनही थंड ठेवावे लागतात.

कॅमेरा पृथ्वीकडे किती वेळ बघतो, तेही सुधारलं. १९६६ च्या अमेरिकी एटीएस-१ उपग्रहावर शास्त्रज्ञ व्हर्नर सुओमी यांनी बसवलेला कॅमेरा उपग्रहाबरोबर स्वतःभोवती फिरत असे. प्रत्येक फेरीत चित्राची एक ओळ, आणि फेरीचा जेमतेम विसावा हिस्साच पृथ्वी समोर. बाकी वेळ काळं अवकाश न्याहाळायचं. न फिरता, सतत पृथ्वीकडे तोंड करून बसणारा हवामान उपग्रह अमेरिकेने १९९४ साली गोएस-८ च्या रूपाने आणला. आपली इन्सॅट-१ मालिका आधीपासूनच तशी होती. (बांधणी अमेरिकी कंपनीची होती, हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या अंकात पत्र यायचं.)

माझ्या मते मात्र आपल्या भागासाठी ठिपक्यापेक्षा वेळ महत्त्वाची. वळवाचा ढग तासाभरात उभा राहून मोडतो. तीन तासांच्या दोन चित्रांमध्ये तो येऊन गेल्याचा पत्ताही लागायचा नाही. आता इन्सॅट-३डीआर आणि २०२४ चा इन्सॅट-३डीएस हे दोघे अर्ध्या-अर्ध्या तासाने चित्र घेतात. वेळा आलटून-पालटून ठेवल्या की दर १५ मिनिटांना एक मिळतं. जपानचा हिमावारी-९ (२०२२ पर्यंत हे काम हिमावारी-८ करायचा) पृथ्वीची अख्खी चकती १० मिनिटांत १६ पट्ट्यांमध्ये, म्हणजे १६ वेगवेगळ्या लहरलांबींत टिपणारा. आपल्या इन्सॅटला सहाच पट्टे. पण हिमावारीची जागा १४०.७ अंश पूर्वेला, त्यामुळे बेळगाव त्याच्या चकतीच्या कडेला तिरपं दिसतं. ३डीआर ७४ अंशांवर, जवळजवळ आपल्याच रेखावृत्तावर उभा आहे.

पावसाचे थेंब वरून हेरायला सूक्ष्मलहरी लागतात. एवढ्या उंचीवरून त्या वापरायच्या तर अँटेना अवाढव्य हवा, म्हणून ती उपकरणं जीपीएमसारख्या चारशे किलोमीटरवरच्या उपग्रहांवर असतात आणि ते काही आपल्या डोक्यावर बसून राहत नाहीत. म्हणून कणकुंबीत किती पडला हे अजूनही सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून, डोळे पाण्याच्या पातळीला आणूनच वाचायचं.

प्रश्न : हिवाळ्यात सांबऱ्याला पहाटे धुकं पडतं. अंधारात उपग्रहाला ते कसं कळतं?
— एक विद्यार्थिनी, शहापूर

उत्तर : धुक्याचं आणि जमिनीचं तापमान जवळपास सारखंच, म्हणून नुसत्या अवरक्त चित्रात ते ओळखू येत नसे. इन्सॅट-३डीवर ३.९ मायक्रॉन लहरलांबीचा नवा पट्टा आला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाण्याचे बारीक थेंब या लहरी जरा हात राखून सोडतात, ११ मायक्रॉनच्या मात्र पुरेपूर. दोन्हींची वजाबाकी केली की रात्रीचं धुकं उठून दिसतं. सूर्य उगवला की ३.९ मध्ये उन्हाचा प्रकाश मिसळतो आणि ही वजाबाकी निकामी होते. मग दृश्य प्रकाशाचं चित्र बघायचं.

प्रश्न : चित्र बघून धुळवाफ पेरणीचा दिवस ठरवता येईल काय?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : नाही. त्यासाठी हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज बघा. चित्राचा उपयोग पुढच्या दोन-तीन तासांपुरता : मळणी पडलीय, ताडपत्री काढायची की नाही, एवढं त्यावरून ठरवा. एकच चित्र बघू नका, लागोपाठची चार बघा. गोळा वाढतोय, कडा धारदार आहे, तर आवरायला घ्या. कडा विस्कटल्या असतील तर जोर ओसरला. उंच ढग चित्रात खऱ्या जागेपेक्षा चारेक किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो, कारण उपग्रह दक्षिणेकडून, विषुववृत्तावरून बघतो. काकतीवर दिसणारा गोळा प्रत्यक्षात शहराच्या बाजूला अलीकडे असतो. आणि चित्रावरची वेळ नीट वाचा. जीएमटी असेल तर साडेपाच तास मिळवा.