गोदावरीच्या खोऱ्यात पहिल्यांदा माउंटन बाइक नेताना

नाशिकहून गंगापूर धरणाकडे द्राक्षबागांमधून माउंटन बाइकने जाण्याचा जो बेत आपण कळवलात, तो उत्तम आहे. मात्र पहिली फेरी पावसाळ्यात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. येथील काळी माती ओली झाली की टायर आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागलेला दांडा) यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते, आणि मग सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. त्या दिवसांत जाणे भागच असेल, तर मुरमाचे रस्ते निवडावेत.

डिसेंबर-जानेवारीत जमीन कोरडी व हवा थंड असते, परंतु बांधावर बाभळीचे काटे आणि सराटे विखुरलेले असतात. म्हणून ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये सीलंट, म्हणजे बारीक छिद्रे आपोआप बुजवणारा द्रव, भरून घ्यावे, शिवाय एक ट्यूब व पंप सोबत ठेवावा. हवेचा दाब साधारण २५ ते ३० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक; पंपावर दिसते) ठेवल्यास सैल खडीवर पकड चांगली मिळते. नदीकडे उतरताना ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे.

बागेतील वाट ही शेतकऱ्याची खासगी जागा असते. त्याला विचारल्याशिवाय आत शिरू नये, आणि औषधफवारणी सुरू दिसल्यास मुकाट्याने दुसरी वाट धरावी.