सावली नसलेल्या डोंगरातली सायकल राइड: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या डोंगराळ राइडबद्दल लिहिलं आणि त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले काही इथे घेतो.

सॅन दिएगोहून एक वाचक: मे महिन्यात एस्कॉन्डिडोहून निघून पालोमार डोंगर चढायचा, तिथून लेक हेनशॉ, सांता इसाबेल, ज्युलियन आणि रमोनामार्गे परत, असा शंभर मैलांचा लूप ठरवतोय. आठ वाजता निघालो तर अंधार पडायच्या आत होईल ना?

अंधाराआधी होईलही हो, पण प्रश्न अंधाराचा नाहीचे, उन्हाचा आहे. हा सगळा चॅपरालचा प्रदेश. मॅन्झनिटा, चमीस, सिअनोथस अशी कडक पानांची झुडपं, कमरेएवढी नाहीतर डोक्याएवढी, त्यामुळे दोन्ही बाजूला हिरवं दिसतं पण रस्त्यावर सावली म्हणून पडत नाही. वर ओक आणि पाइनची झाडं लागतात तेव्हा कुठे जरा बरं वाटतं. आणि मे-जूनमध्ये समुद्रावरचे ढग आत येतात, किनाऱ्यावर सकाळी जॅकेट घालावंसं वाटतं, त्या हवेवर जाऊन लोक प्लॅन करतात आणि पन्नास किलोमीटर आत गेल्यावर भाजून निघतात. हवामान बघताना घरचं बघू नका, वाटेतल्या व्हॅली सेंटर आणि रमोनाचं बघा.

म्हणून साडेपाचला निघा, लाइट लावून. डोंगराच्या पायथ्याच्या रिंकनपासून खरा चढ सुरू होतो, तिथून माथ्यापर्यंत जवळजवळ 1,300 मीटर चढायचंय. त्यातला शेवटचा साऊथ ग्रेड रोड म्हणजे 11 किलोमीटर, सरासरी 7 टक्क्यांच्या आसपास, वीसेक हेअरपिन, म्हणजे उलटी फिरणारी वळणं. आठच्या सुमारास साऊथ ग्रेडला लागलात तर साडेनऊपर्यंत वर असाल. शनिवार-रविवारी याच वळणांवर मोटरसायकलवाले गाडी झुकवून रस्त्याला गुडघा टेकवायची प्रॅक्टिस करतात, ते जागे व्हायच्या आत तुमचं काम झालेलं बरं. पलीकडे हेनशॉकडे उतरायला ईस्ट ग्रेड रोड, तो लांब आणि सौम्य आहे.

आणि ज्युलियनचं आधीच ठरवून टाका. सांता इसाबेलला साडेबारानंतर पोचलात तर ज्युलियन सोडून द्या आणि सरळ रमोनाकडे वळा. अॅपल पाय सांता इसाबेललाही मिळतो, त्यासाठी दुपारच्या उन्हात अजून चारशे मीटर चढायची गरज नाही. रमोनाहून खाली येताना 78 नंबरचा रस्ता अरुंद आहे आणि गाड्या खूप, त्यापेक्षा हायलँड व्हॅली रोड घ्या.

पुण्याहून एक वाचक: मुलाकडे येणार आहे, सायकल घेऊन. पुढच्या चकत्या 50-34 दातांच्या, मागच्या 11 ते 28. सिंहगड न थांबता चढतो. पालोमारला एवढं चालेल का?

नुसता पालोमार असेल तर काका, आरामात चालेल. सिंहगड चढणाऱ्याला पाय आहेत हे सिद्धच आहे. पण सिंहगडावर पोचलं की भजी-दही खाऊन उतरायचं असतं, इथे माथ्यावर पोचल्यावर अजून शंभर-एक किलोमीटर बाकी असतात. पुढे 34, मागे 28 अशा सगळ्यात हलक्या गिअरवर पॅडल मिनिटाला 60 फेऱ्या ठेवले तरी ताशी 9 किलोमीटरच्या वर वेग लागतो, आणि सायकल धरून 84 किलो वजन असेल तर 7 टक्के चढावर त्याला 160 वॉटच्या आसपास ताकद जाते, ती सुद्धा सलग सव्वा तास. मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकलीत तर त्याच फेऱ्यांना साडेसात किलोमीटर आणि 130 वॉट. पंधरा-एक मिनिटं उशीर होईल, गुडघे मात्र संध्याकाळपर्यंत साथ देतील. फक्त तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 घेतो का ते पुण्यातच दुकानात बघून या, बहुतेक लांब केजवाला लागेल आणि चेनही बदलावी लागेल.

प्रश्न: पाणी किती न्यायचं? दोन बाटल्या पुरतात का?

नाही. गरमीत तासाला पाऊण ते एक लिटर धरा. रिंकनच्या गॅस स्टेशनवर सगळं भरून घ्या आणि पुढे लेक हेनशॉपर्यंत काही मिळणार नाही असं समजूनच चाला, वर मिळालं तर बोनस. म्हणजे दोन मोठ्या बाटल्या आणि पाठीवर दीड लिटरची पिशवी. वजन वाढतं म्हणून कुरकुर करू नका. नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, मीठ जायला हवं, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकं गरगरायला लागलं की माणूस ऊन लागलं समजून अजून पाणी पितो. खायला तासाला 60 ग्रॅमपर्यंत कार्ब्ज. शेंगदाण्याची चिक्की चढावर चावू नका, श्वास आणि दाणा एकदम घशात जातात. खजूर बरा, चिक्की सपाटीवर.

अर्वाइनहून एक वाचक: मागच्या राइडला दोनदा पंक्चर, आणि वर चार दिवसांनी पायावर खाजरे फोड. काय झालं असेल?

पंक्चर बहुतेक सराट्याने. हो, आपल्याकडचाच सराटा, इकडे पोचून चांगला माजलाय. रस्त्याच्या कडेच्या मातीत सायकल लोटू नका, उचलून घ्या, आणि ट्यूबलेस टायर असेल तर आतलं भोक बुजवणारं सीलंट ताजं ठेवा. काटा काढायच्या आधी चाक फिरवून नीट बघा, एका टायरमध्ये पाच-सहा सापडतात.

फोड पॉयझन ओकचे वाटतात. तीन-तीन पानांचं झुडूप, बिब्ब्याच्याच कुळातलं, त्यामुळे बिब्बा उतल्यावर काय होतं ते आईला विचारा. झुडपामागे ‘जाऊन’ येताना लागला असेल. तेल कपड्यांवर, शूजवर राहतं, म्हणून सगळं साबणाने धुवा, नाहीतर पुढच्या राइडला पुन्हा तेच. फोड चेहऱ्यावर असतील किंवा पसरत असतील तर डॉक्टरकडे जा.

प्रश्न: मे जमत नाही, ऑक्टोबरमध्ये केलं तर?

मी नाही करणार. ऑक्टोबरपर्यंत झुडपांनी महिनोन्महिने पाऊस पाहिलेला नसतो आणि तेव्हाच वाळवंटाकडून सांता आना नावाचे कोरडे, जोरदार वारे सुटतात. 2003 चा ‘सीडर फायर’ नावाचा वणवा ऑक्टोबरातलाच, 2 लाख 73 हजार एकर जळालं. जायचंच असेल तर आदल्या रात्री ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ (वणव्याच्या धोक्याचा इशारा) आहे का बघा आणि ती असली तर राइड रद्द, चर्चा नको. अशा वाऱ्यात वीज कंपनी डोंगरातली वीज मुद्दाम बंद करते, म्हणजे दुकानात कार्ड चालत नाही आणि विहिरीचे पंपही बंद, त्यामुळे पाण्याचा सगळा हिशेब कोलमडतो. धूर दिसला तर किती लांब आहे याचा अंदाज बांधत थांबू नका, आल्या रस्त्याने मागे फिरा. डिसेंबर-जानेवारीत वर बर्फ असू शकतं. त्यामुळे एप्रिल नाहीतर नोव्हेंबरचा शेवट, एखादा पाऊस होऊन गेल्यावर.

प्रश्न: बायको म्हणते फोन लागत नाही तिथे एकट्याने जायचं नाही.

वहिनींचं बरोबर आहे. माथ्याच्या आसपास आणि हेनशॉकडे रेंज जाते. सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारा फोन किंवा छोटं डिव्हाइस घ्या, आणि निघायच्या आधी त्यांना चार ठिकाणं आणि चार वेळा लिहून द्या: रिंकन, माथा, सांता इसाबेल, रमोना. ठरलेल्या वेळेनंतर दीड तासात मेसेज नाही आला तर कोणाला फोन करायचा तेही त्याच कागदावर.