सॅम्पल नीट दिलं तरच रिपोर्ट नीट येतो: लघवी, वीर्य आणि शौच तपासणीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स ८-१० आल्यात आणि एपिथेलियल सेल्ससमोर 'भरपूर' असं लिहिलंय. मला जळजळ नाही, ताप नाही. अँटिबायोटिक चालू करू का?

नका करू, निदान या एका रिपोर्टवर तरी नाहीच. पस सेल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, साधारण ० ते ५ नॉर्मल धरतात, म्हणजे मायक्रोस्कोपच्या ४० च्या लेन्सखाली जो गोल दिसतो त्या एका गोलात एवढ्या. पण तुमच्या रिपोर्टमधली जास्त महत्त्वाची ओळ दुसरी आहे. एपिथेलियल सेल्स म्हणजे त्वचेच्या आणि योनीमार्गाच्या कडेच्या मोठ्या चपट्या पेशी, त्या भरपूर दिसल्या की आम्ही लॅबवाले समजतो की लघवी बाटलीत पडताना बाहेरचं बरंच काही सोबत आलंय, आणि मग त्या पस सेल्ससुद्धा बाहेरच्याच असू शकतात. परत सॅम्पल द्या. आधी हात धुवा, ती जागा नुसत्या पाण्याने पुढून मागे अशी धुवून घ्या, पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या आणि शेवटची परत सोडून द्या. पाळी चालू असेल तर थांबा, फारच घाई असेल तर लॅबला तसं आधी सांगा. यानंतरही पस सेल्स जास्त आल्या किंवा त्रास सुरू झाला तर डॉक्टर कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) सांगतील, ते सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्यायचं असतं, नाहीतर जंतू वाढतच नाहीत आणि नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. एक मात्र नक्की लक्षात ठेवा, प्रेग्नन्सीत त्रास नसला तरी लघवीतल्या जंतूंकडे दुर्लक्ष करायचं नसतं, तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

प्रश्न: रात्री घेऊन ठेवलेली लघवी सकाळी लॅबमध्ये दिली तर चालते का?

बाहेर ठेवलेली असेल तर नाही. जंतू बाटलीत वाढत राहतात, साखर असेल तर ती खाऊन टाकतात, रक्तपेशी फुटतात, कास्ट (किडनीच्या बारीक नळ्यांत तयार होणारे साच्यासारखे कण) विरघळतात, थोडक्यात जे शोधायचं ते कमी होतं आणि जे नव्हतं ते वाढतं. एक-दोन तासांत पोचवा, उशीर होणारच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही). फ्रिजमधल्या लघवीत कधी क्षार साठून ती गढूळ दिसते, त्याने घाबरू नका.

प्रश्न: वर्षभर प्रयत्न करतोय पण मूल नाही, मी वीर्य तपासणी केली, काउंट १२ मिलियन आला. तेव्हापासून झोप नाही. आता काही होऊच शकत नाही का? आणि सॅम्पल घरून नेलं तर चालतं का?

होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये एक मिलीला १६ मिलियन शुक्रजंतू, सगळ्या वीर्यात मिळून ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के आणि पुढे सरकणारे ३० टक्के अशा खालच्या मर्यादा दिल्यात. पण हे आकडे आले कुठून ते कुणी सांगत नाही. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांची सॅम्पल्स तपासली आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची रेषा ही मर्यादा म्हणून धरली. म्हणजे बाप झालेल्यांमध्येसुद्धा या रेषेखाली माणसं होती. शुक्रजंतूंच्या आकारावरूनही लोक खचतात, रिपोर्टमध्ये 'नॉर्मल ४ टक्के' दिसलं की वाटतं ९६ टक्के खराब, पण तिथे मर्यादाच ४ टक्के आहे.

आणि एका रिपोर्टवर कुणीच निर्णय घेत नाही. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी चांगला ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम आजच्या काउंटवर दिसू शकतो. परत तपासा आणि आधी २ ते ७ दिवस संबंध, हस्तमैथुन दोन्ही बंद ठेवा. बाटली लॅबमधूनच घ्या. सगळं वीर्य बाटलीत यायला हवं, विशेषतः पहिला भाग, कारण शुक्रजंतू त्यातच जास्त असतात, तो सांडला तर लाजू नका, लॅबला स्पष्ट सांगा नाहीतर काउंट उगाच कमी दिसेल. तेल, थुंकी, साबण, साधा कंडोम यातलं काही वापरायचं नाही. शक्यतो लॅबमध्येच द्या, तिथे जमत नसेल तर घरून न्या पण बाटली अंगाजवळ, खिशात वगैरे ठेवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचवा. आणि पत्नीच्या तपासण्या सोबतच होऊ द्या, एकमेकांच्या रिपोर्टची वाट बघत महिने घालवू नका.

प्रश्न: शौचाची तपासणी नॉर्मल आली तरी डॉक्टर वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा करायला सांगतायत. कशाला?

कारण जंत आणि अमीबा, जिआर्डियासारखे परजीवी रोज सारखे बाहेर पडत नाहीत, आज शून्य आणि परवा भरपूर असं होतं. पातळ शौच असेल तर वेळ फार महत्त्वाची. ताजं सॅम्पल सलाईनच्या थेंबात काचपट्टीवर घेतलं की जिवंत अमीबा एका बाजूने फुगवटा बाहेर काढत सरकताना दिसतो, कधी त्याच्या पोटात गिळलेल्या रक्ताच्या लाल पेशी असतात आणि मग शंकाच उरत नाही. अर्ध्या तासानंतर तोच निपचित पडतो आणि पस सेलसारखा दिसायला लागतो. म्हणून आम्ही घाई करतो. कमोडच्या पाण्यातलं सॅम्पल नको, त्यात लघवी मिसळू देऊ नका आणि रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग असेल तर नेमका तोच घ्या.

प्रश्न: शौचात ऑकल्ट ब्लड (डोळ्यांना न दिसणारं रक्त) पॉझिटिव्ह आलं. मूळव्याध आहेच, परत टेस्ट करून निगेटिव्ह आली तर सोडून देऊ का?

असं करू नका. आतड्यातली गाठ रोज रक्त सोडत नाही, त्यामुळे दुसरी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही. मूळव्याध असलेल्या माणसालाही गाठ असू शकते. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) करायची का ते स्वतःहून विचारा.