९० टक्क्यांवर अडलेली फाइल

जून लागला की आपल्या खान्देशात कागदांची घाई सुरू होते. सातबारा, पीकविम्याची पावती, कॉलेजचे प्रवेश, हॉल तिकिटं. सगळं ऑनलाइन, आणि नेमकी तेव्हाच फाइल उतरत नाही. या वेळच्या पत्रांत हीच तक्रार जास्त होती, म्हणून आजचं सदर तिलाच दिलं आहे. उत्तरांआधी एक काम करा. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. क्रोम, एज, फायरफॉक्स, या तिन्ही ब्राउझरांत डाउनलोडची यादी उघडते. अडलेल्या फाइलखाली बहुतेक वेळा कारण एका ओळीत दिलेलं असतं. ती ओळ न वाचता आपण लिंकवर पुन्हा पुन्हा क्लिक करतो, आणि हाती आलेलंही घालवतो.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. प्रशिक्षणाची १.२ जीबीची व्हिडिओ फाइल मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॅपटॉपवर घेते. ८०-९० टक्क्यांवर 'नेटवर्क त्रुटी' येते, मग पुन्हा शून्यापासून. चार रात्री गेल्या.

ताई, चार रात्रींचा डेटा आणि झोप, दोन्ही गेलं. तुमचा त्रास मला पूर्ण कळतो. आधी हिशेब करू. तुमच्याकडे २ एमबीपीएस वेग मिळत असेल, तर तो सेकंदाला पाव एमबी होतो, कारण नेटचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि ८ बिटचा एक बाइट. म्हणजे १.२ जीबीला निदान ८० मिनिटं. एवढ्या वेळात एक फोन तरी येतोच. सातपुड्यात ४जीची रेंज कमी पडली की मोबाइल २जीवर उतरतो, आणि २जीवर बोलणं चालू असताना नेट थांबतं. फाइल तुटण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. डाउनलोडपुरतं ते सिमकार्ड बोलण्यासाठी वापरू नका. घरात दुसरा फोन असेल तर हॉटस्पॉट त्याच्यावरून द्या. आणि लॅपटॉप झोपी जाऊ देऊ नका. सेटिंगमध्ये पॉवरखाली 'स्लीप' हे 'कधीच नाही' करा, झाकणही मिटू नका.

आता शून्यापासून का, ते. फाइल उतरत असते तेव्हा डाउनलोड फोल्डरमध्ये तिचा अर्धा तुकडा असतो. क्रोम आणि एजमध्ये त्याच्या नावाच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' असतं, फायरफॉक्समध्ये 'पार्ट'. हा तुकडा कचरा समजून पुसू नका. यादीत 'पुन्हा सुरू करा' दिसलं तर तेच दाबा. ब्राउझर सर्व्हरला, म्हणजे फाइल जिथे ठेवली आहे त्या कॉम्प्युटरला, सांगतो, 'माझ्याकडे इतके बाइट आले आहेत, त्यापुढचे दे.' सर्व्हरला ते जमत असेल तर तो उरलेलाच भाग पाठवतो. तुम्ही मूळ पानावर जाऊन लिंक नव्याने दाबली, तर तो जुना तुकडा तसाच पडून राहतो आणि नवं डाउनलोड सुरू होतं. 'रद्द करा' दाबलं तर तुकडाच जातो. रेंज गेली तर 'थांबवा' दाबा, 'रद्द' नको.

काही सर्व्हरना मधून पाठवणं जमत नाही. उतरताना एकूण आकार दिसत नसेल, फक्त आलेले एमबी वाढत असतील, तर बहुधा तसंच आहे. काही ठिकाणी लिंकलाच ठरावीक मुदत असते. मुदत संपली की 'पुन्हा सुरू करा' चालत नाही. अशा वेळी फाइल देणाऱ्यांकडे लहान तुकडे मागा, किंवा तळोदा-शहाद्याला जाणं होईल तेव्हा पेन ड्राइव्हवर आणा. यात कमीपणा काही नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांनी डोंगरातल्या शाळांचा विचार करून १०० एमबीच्या आत भाग पाडायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : रावेरला केळीचा बाग आहे. सातबारा पाहायला जातो, बटण दाबलं तर काहीच होत नाही. एररही नाही. आते काय करानं?

भाऊ, फाइल नव्या खिडकीत उघडणार होती आणि ब्राउझरने ती खिडकी अडवली. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला लाल फुलीचं छोटं चिन्ह आलं का पाहा. त्यावर क्लिक करून त्या एका साइटला पॉप-अपची परवानगी द्या आणि बटण पुन्हा दाबा. सगळ्या साइटना परवानगी देऊन टाकू नका.

प्रश्न : अमळनेरला बीएस्सीला आहे. हॉल तिकीट डाउनलोड झालं, पण 'फाइल खराब आहे' म्हणतं. आकार फक्त ३ केबी. तीनदा केलं.

फाइल खराब नाही, ती पीडीएफच नाही. लॉगिन करून बराच वेळ गेला की साइट तुम्हाला आतून बाहेर काढते. मग तुम्ही बटण दाबता तेव्हा तिकिटाऐवजी 'पुन्हा लॉगिन करा' हे पान येतं आणि पीडीएफच्या नावाने जतन होतं. खात्री करायची असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघड. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या तीन इंग्रजी अक्षरांनी होते. तिथे 'एचटीएमएल' दिसलं तर ते वेबपान आहे. लॉगआउट हो, परत लॉगिन कर आणि लगेच डाउनलोड कर. तरी तेच झालं तर कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून इनकॉग्निटो खिडकीत करून पाहा. तिथे जमलं, तर जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) किंवा एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं अ‍ॅप) आड येत होतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नकोस. तेव्हा सगळेच एकदम येतात आणि सर्व्हर दमतो.

प्रश्न : धुळ्याहून लिहिते. आमच्या आबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानची एपीके फाइल (अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल) आली. मोबाइल 'धोकादायक' म्हणून ती घेऊ देत नाही. सुरक्षा बंद करून घेता येईल का?

नाही ताई. हे डाउनलोड अडलं हे फार चांगलं झालं. सरकारी योजनेच्या नावाने फिरणाऱ्या अशा एपीके मेसेज वाचण्याची परवानगी मागतात आणि बँकेचा ओटीपी परस्पर उचलतात. कापसाचे पैसे खात्यात आल्या आल्या गेलेली घरं मी पाहिली आहेत. अ‍ॅप हवं असेल तर प्ले स्टोअरमधूनच घ्या, तेही प्रकाशकाचं नाव पाहून. आबांनी ती फाइल आधीच इन्स्टॉल केली असेल, तर मोबाइलचं नेट ताबडतोब बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं आहे.

प्रश्न : भुसावळ. पेन ड्राइव्हमध्ये २० जीबी जागा रिकामी, तरी लग्नाचा ५.५ जीबीचा व्हिडिओ त्यावर उतरत नाही.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचूच शकत नाही, जागा कितीही असो. आतला माल आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'एक्सफॅट' निवडून फॉरमॅट करा. फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. टीव्हीवर पाहायचं असेल तर व्हिडिओवाल्याकडून दोन भाग करून घ्या.

प्रश्न : शहाद्यात दुकान आहे. लाइट गेली-आली की जुन्या कॉम्प्युटरवर कुठलीच साइट नीट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' येतं, डाउनलोड तर नाहीच.

उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेलेली असणार. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरू आणि संपण्याची तारीख असते. तुमच्या घड्याळात ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. तारीख दुरुस्त करा, पण दोष मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवरच्या, गोल सेलचा आहे; लाइट नसताना घड्याळ तोच चालवतो. सीआर२०३२ मागा, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. बदलताना वायर भिंतीतून काढा. तारीख बरोबर असूनही अडलं आणि मशीनवर विंडोज ७ असेल, तर त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, २०२३ पासून नवी आवृत्ती बंद आहे. त्या मशीनवर हिशेब ठेवा, पण बँकेचं काम करू नका.