फीस्टचा पेपर आणि जुलाबाचं लेकरू

तुमचा प्रश्न असा, की फीस्ट ट्रायल (आफ्रिकेतल्या आजारी मुलांवरचा सलाईनचा अभ्यास) वाचून तुम्ही जुलाबाने पार सुकलेल्या लेकराला बोलस, म्हणजे शिरेतून भराभर सोडलेलं सलाईन, नको म्हणालात आणि सिनियर खेकसले, "पेपर घरी ठेव." मग वाचलेलं वॉर्डात वापरायचं कसं?

खेकसणं सोडा, पण बोलस द्यायचा त्यांचा निर्णय बरोबर होता. फीस्ट २०११ ची, युगांडा, केनिया, टांझानियातली. ताप आणि शॉकची, म्हणजे अंगात रक्तपुरवठा कमी पडल्याची, लक्षणं असलेली मुलं, त्यात निम्म्याहून जास्त मलेरियाची. बोलस मिळालेल्यांत ४८ तासांत साधारण १०.५ टक्के दगावली, न मिळालेल्यांत ७.३. आकडा हादरवणाराच आहे. पण गॅस्ट्रोची मुलं त्या अभ्यासात घेतलीच नव्हती! तीव्र कुपोषितही नाहीत. तुमच्या लेकराच्या अंगातलं पाणीच गेलेलं. त्याला डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) प्लॅन सी, म्हणजे किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट हे सलाईन शिरेतून ठरलेल्या वेळेत. म्हणून निष्कर्षाआधी कोणाला वगळलं ते वाचायचं. मी तरी तिथूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे खरी पंचाईत उलटी असते. लेकरू मजेत पाणी पितंय आणि आई म्हणते, "सलाईन लावा ना डॉक्टर." अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनचा २००६ चा आढावा सांगतो की तोंडाने ओआरएस दिलेल्या २५ मुलांमागे एखाद्यालाच तेवढ्याने भागत नाही आणि सलाईन लागतं. हे विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, बाईला टक्क्यांत सांगून उपयोग नाही, आणि तिची अडचणही खोटी नसते. दर दोन मिनिटांनी चमचा पाजत बसली तर त्या दिवसाच्या विड्या बुडतात. मग आजीला बोलवा, वाटी-चमचा तिच्या हातात द्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू पाजायला सांगा. घरकुलातल्या बऱ्याच जणींची भाषा तेलुगू, तेव्हा तेलुगू बोलणारी मावशी वॉर्डात असेल तर हे तिच्याच तोंडून जाऊ द्या, आपल्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात. ओआरएसची पुडी मात्र समोर कालवून दाखवा. लिटरची अख्खी पुडी पेल्यात ओतणारे मी कैक पाहिलेत, आणि तसलं खारट पाणी लेकराला बाधतं.

झिंक विसरू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले की घरचे गोळ्या बंद करतात, तेव्हा शेवटची तारीख केसपेपरवर ठळक लिहून द्या.