खाडीत बाहेरचं गवत वाढलं तर पक्ष्यांना आडोसाच मिळतो ना? मग ते काढायचं कशाला?

आडोसा मिळतो हे खरंय, पण कोणत्या पक्ष्याला, ते आधी बघावं लागतं.

मी फ्रिमॉन्टला राहतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी. इथलं मूळचं स्पार्टिना गवत फार उंच होत नाही आणि भरतीच्या ठरावीक पट्ट्यातच उगवतं. 1970 च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने त्याचा अटलांटिककडचा भाऊबंद इथे मुद्दाम आणून लावला. हेतू चांगला होता, उजाड खाजण हिरवं करायचं. पण दोघांचा संकर झाला आणि पोरगं दोघांच्या वरताण निघालं. माणसाच्या डोक्यावर जातं आणि खालच्या उघड्या चिखलातही पाय रोवतं.

खरं नुकसान त्या चिखलातच आहे. हिवाळ्यात तुतवारांचे थवे उतरतात आणि ओहोटीचं पाणी मागे हटेल तसे चोची टोचत पुढे सरकतात. संकराच्या मुळांनी गाळ धरला की चिखल उंचावतो, चर बुजतात आणि त्या दाटीत हे पक्षी फिरकतही नाहीत. चीनने 1979 मध्ये तेच अटलांटिककडचं गवत किनारा राखायला नेलं. आता चमच्यासारख्या चोचीच्या दुर्मीळ तुतवाराच्या वाटेवरच ते पसरलंय.

आता तुमच्या आडोशाकडे येतो. रिजवेज रेल हा आपल्या पाणकोंबडीच्या गोत्यातला पक्षी, उडायचा महाआळशी. इथली त्याची जात 1970 पासून संकटग्रस्त यादीत आहे. त्याला हे उंच गवत फारच मानवलं. 2005 च्या सुमारास तणनाशकाची मोठी फवारणी सुरू झाली, गवत हटलं आणि रेलही घटले. शेवटी 2011 मध्ये काही जागी फवारणी थांबवावी लागली.

ओकलंड विमानतळाजवळच्या ॲरोहेड मार्शमध्ये मग अभ्यासकांनी छप्पर घातलेले तराफे सोडले. एका जानेवारीत मी तिथे उधाण बघायला गेलो होतो. सगळं खाजण पाण्याखाली, गवताचे शेंडे तेवढे वर आणि छपराखाली एक रेल अंग चोरून बसलेला. वर ससाणा घिरट्या घालत होता, म्हणजे छप्पर कशाला ते वेगळं विचारायला नको.

म्हणून माझं मत: काढायचंच, पण आधी मूळचं गवत आणि काठावरची झुडपं लावून, तुकड्यातुकड्याने. किचकट काम आहे. संकर कोणता आणि मूळचं कोणतं हे कित्येकदा जाणकारांनाही नजरेने कळत नाही, पान खुडून डीएनए तपासणीला पाठवावं लागतं.