वडिलांची पेन्शन चौदाशे रुपये. श्रावणबाळ सोडून फारशी माहीत नसलेली कोणती सरकारी मदत मिळू शकते?

तुम्ही लिहिलंय की वडील ७३ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाली, पेन्शन महिना चौदाशे. आई ६८ ची, घरीच असते, भजनी मंडळात गाते. त्या शेवटच्या तीन शब्दांसाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं. तिकडे येतोच.

आधी श्रावणबाळचं, म्हणजे ज्येष्ठांना दरमहा पैसे देणाऱ्या राज्य सरकारच्या योजनेचं, उरकतो, कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात. वय ६५ पूर्ण, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, महिना १५०० रुपये, इथवर ठीक. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात आमच्या घरचा गॅस आणि दूधसुद्धा भागत नाही. तुमचा पगार त्याच कुटुंबात धरला जाणार असेल तर तहसीलला खेटे घालू नका. 'दाखल्याचं मी बघतो' म्हणणारा एजंट तर दारातूनच परत पाठवा. पडताळणीत प्रकरण अंगाशी येतं तेव्हा तो फोन उचलत नाही.

वडिलांसाठी पहिलं काम म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्न कितीही असो, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेही भरती झाल्यावरचे. रोजच्या बीपीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. वय आधारवरचंच धरतात. त्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा असतो, तुमच्याकडेही तसंच असेल तर घाबरू नका.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३ हजार रुपये खात्यात येतात. उत्पन्नाची मर्यादा इथे २ लाख आहे, त्यामुळे तुमच्यासारख्या घरांना आशा आहे. सध्या अर्ज घेतायत का ते समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि खरी गोम तिथेच असते. माझ्या आईचे पैसे 'जमा' दिसत होते आणि पासबुकात काही नाही. दोन महिने मी बँकेत भांडलो. मग कळलं, मधे कधीतरी कुणाच्या तरी आग्रहाने तिने दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं आणि आधार शेवटचं तिथे जोडलं गेलं होतं. पैसे तिथे आरामात पडून होते. म्हणून अर्ज भरण्याआधी आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते बघा.

आता भजनी मंडळ. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांना मानधन देतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ही योजना आहे, गावाकडे नुसतं 'कलाकार मानधन' म्हणतात. वय ५० च्या वर, कलेत किमान १५ वर्षं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ६० हजारांच्या आत. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५ हजार रुपये. लोकांना वाटतं हे नाटकवाल्यांसाठी आणि तमाशावाल्यांसाठीच असतं. तसं नाही. कीर्तनकार, भजनी, भारुड करणारे, शाहीर, वाजंत्री सगळे बसतात.

माझे मामा पखवाज वाजवायचे. पन्नास वर्षं वाजवला, पण त्याचा पुरावा विचारला तर काय देणार? सप्ताहाच्या पत्रिका! अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत खाली बारीक अक्षरात 'मृदंगमणी' म्हणून नाव छापलेलं असतं, तोच पुरावा. मामींनी त्या फडताळात डब्यांखाली अंथरल्या होत्या. तेलाचे डाग पडलेल्या अकरा पत्रिका आम्ही सोडवून काढल्या. पंचायत समितीतल्या पोराने एक हातात घेतली आणि विचारलं, "यावर साल कुठंय?" पत्रिकेवर होतं शके १९२७. मामा म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर मिळव की!" पोराने मोबाईलवर बेरीज केली, २००५ आलं, अर्ज पुढे सरकला. मंजुरीला मात्र दीड वर्ष लागलं. जिल्ह्याला वर्षाला १०० जणांचाच कोटा असतो आणि समिती कधी बसेल त्याचा नेम नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सरकारची दुसरी नियमित पेन्शन घेणाऱ्याला हे मानधन मिळत नाही, म्हणून अर्ज वडिलांच्या नावाने नको, आईच्या नावाने करा. आणि उत्पन्नाच्या दाखल्यात तुमचा पगार धरतात की नाही, ते तहसीलला आधी स्पष्ट करून घ्या. सगळं त्यावरच अडतं.

तोवर आईचं नाव छापलेल्या पत्रिका, मंडळाचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं जमवायला लागा. तुमच्याकडे नसतील तर ज्या गावांत सप्ताह व्हायचा तिथल्या विणेकऱ्याला विचारा. आमच्या अकरातल्या चार तशाच मिळाल्या.